ताण बसलेले झाड काय करते? जगदीशचंद्र बोस यांचे आयुष्य आणि काम

संत्रा, मोसंबी, डाळिंब पिकवणाऱ्यांना ‘ताण’ हा शब्द नवा नाही. बहार धरायचा म्हणून आपण पाणी तोडतो. पाने मलूल झाली, पिवळी पडून गळू लागली की ताण बसला असे समजतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, हेही आपल्याला अनुभवाने माहीत असते. पण पान मलूल होण्याच्या आधी झाडाच्या आत काय चाललेले असते? ते डोळ्याला दिसत नाही. ते दिसावे म्हणून एका माणसाने आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे यंत्रे बनवण्यात घालवली. त्यांचे नाव सर जगदीशचंद्र बोस.

शाळेच्या पुस्तकात बोस बहुतेक वेळा एका ओळीत संपतात: वनस्पतींना जीव असतो हे त्यांनी सिद्ध केले. मला ही ओळ कधीच पटली नाही. झाड जिवंत असते हे त्यांच्या आधीही कोणी नाकारत नव्हते, शेतकरी तर नाहीच नाही. बोस यांचा प्रश्न वेगळा होता. उष्णता, थंडी, जखम, विष, तहान यांचा मारा झाला की झाड नेमके काय करते, किती वेळात करते आणि सावरायला त्याला किती वेळ लागतो, हे त्यांना मोजायचे होते.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंग येथे झाला. तो भाग आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते आणि त्यांची नेमणूक फरीदपूरलाही होती. त्या काळी सरकारी अधिकाऱ्याची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला गावच्या बंगाली शाळेत घातले. तिथे त्याच्या एका बाजूला घरच्या मुसलमान नोकराचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी तो या सोबत्यांकडून ऐकत मोठा झाला.

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये शिक्षण झाले. तिथे फादर लाफों यांनी त्यांना प्रयोगाची गोडी लावली. इंग्लंडला गेले ते डॉक्टर व्हायला, पण तापाने पाठ सोडली नाही म्हणून वैद्यकीचा अभ्यास सुटला आणि ते केंब्रिजला विज्ञान शिकले. भौतिकशास्त्रात लॉर्ड रॅले आणि वनस्पतीशास्त्रात फ्रान्सिस डार्विन त्यांना शिकवायला होते. फ्रान्सिस हे चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. वेली, कोंब आणि मुळे कशी वळतात यावर बापलेकांनी मिळून काम केले होते. बोस भौतिकशास्त्राकडून झाडांकडे वळले तेव्हा हे जुने शिक्षण उपयोगी पडले असणार.

1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते प्राध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी पगार देण्याची तिथे पद्धत होती. बोस यांनी शिकवणे सोडले नाही, पण तो पगारही तीन वर्षे हातात घेतला नाही. घरी वडिलांच्या कर्जाचा बोजा होता. अखेर त्यांना मागील थकबाकीसह पूर्ण पगार मंजूर झाला. प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे बनवून घेतली. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची चाल तिथेच ठरली. जे मोजायचे त्याचे यंत्र बाजारात मिळत नसेल तर आपण बनवायचे.

थकणाऱ्या धातूपासून थकणाऱ्या झाडापर्यंत

सुरुवातीला त्यांचे काम बिनतारी लहरींवर होते. 1895 मध्ये कलकत्त्यात त्यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. युरोपात नाव झाले. ते काम तसेच चालू ठेवले असते तरी इतिहासात त्यांची जागा पक्की होती.

पण या लहरी टिपणाऱ्या धातूच्या उपकरणात त्यांना एक गोष्ट खटकली. सलग वापरले की त्याचा प्रतिसाद मंदावायचा आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुधारायचा. थकलेल्या स्नायूचा आलेख असाच असतो. मग जनावराचा स्नायू आणि धातू यांच्या मधले जे झाड, त्याचे काय? त्यांनी पाने घेतली, गाजरे घेतली, त्यांना टोचले, पिळले, गरम केले, क्लोरोफॉर्म दिला आणि विजेचा सूक्ष्म बदल मोजला. प्रत्येक वेळी झाडाच्या भागाने विजेचा झटका देऊन उत्तर दिले. वारंवार त्रास दिला की उत्तर मंदावले. विष दिल्यावर ते बंद पडले.

1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडले. शरीरशास्त्रातल्या जाणत्या मंडळींना ते रुचले नाही. भौतिकशास्त्राच्या माणसाने आमच्या शेतात नांगर घालू नये, असाच साधारण सूर होता. त्यांचा निबंध छापला गेला नाही. बोस तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. लहरींच्या क्षेत्रात मान मिळाला होता, परत फिरणे सोपे होते. ते फिरले नाहीत. पुढची सगळी वर्षे त्यांनी झाडांना दिली आणि निबंध छापत नसतील तर पुस्तके लिहू, असे ठरवून एकामागून एक जाड ग्रंथ काढले. 1902, 1906, 1907, 1913 अशी ती रांग आहे.

झाडाने स्वतः लिहिलेली नोंद

झाडाचा प्रतिसाद मोजण्यात मोठी अडचण म्हणजे तो फार बारीक असतो. लाजाळूचे पान मिटताना दिसते, पण आंब्याच्या झाडाला चटका बसला तर आपल्याला काय दिसणार? बोस यांनी काजळी धरलेल्या काचेवर टोकाने रेघ ओढणारी यंत्रे बनवली. त्यातल्या एकाने सेकंदाच्या अगदी छोट्या भागापर्यंत वेळ मोजता येई. क्रेस्कोग्राफ हे दुसरे यंत्र झाडाची वाढ तरफांच्या साहाय्याने दहा हजार पट मोठी करून दाखवी. वाढीचा वेग बदलला की काही मिनिटांतच काचेवर कळे.

या यंत्रावर त्यांना जे दिसले ते शेतीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कोंबाला नुसते हाताळले तरी त्याची वाढ मंदावते. सुई टोचली तर ती बराच वेळ मंदावलेली राहते आणि मग हळूहळू पूर्ववत होते. रसायनांच्या बाबतीत मात्रेचा खेळ दिसला. तेच द्रव्य थोडे दिले तर वाढ वाढते, जास्त दिले तर थांबते, आणखी दिले तर झाड मरते. दुकानात आज वाढ-नियंत्रकाची बाटली घेताना मात्रा डोळे झाकून दुप्पट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मृत्यूचा आलेख हा त्यांचा आणखी एक प्रयोग. पाण्यात ठेवलेली वनस्पती हळूहळू तापवत नेली की सुमारे 60 अंश सेल्सिअसला ती एक शेवटचा झटका देई आणि तिथून पुढे प्रतिसाद कायमचा बंद होई. हा आकडा आपल्या रोजच्या कामाचा नाही. कामाची गोष्ट पुढे आहे. तीच वनस्पती आधी थकवलेली असेल किंवा तिला थोडे विष दिलेले असेल, तर हा मृत्यूचा बिंदू बराच खाली येत असे. म्हणजे किती ताण सोसता येईल हे त्या ताणावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच आधी काय सोसले आहे यावरही असते. एका बागेत उन्हाळ्यात दोन झाडे शेजारी असतात, एक वाळते आणि एक तगते. वाळलेल्याच्या मुळाशी जाऊन पाहिले तर अनेकदा डिंक्या, मूळकुज किंवा आदल्या वर्षी घेतलेला फळांचा अवाजवी भार सापडतो. उन्हाने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो.

याच्या उलट बाजूचेही एक निरीक्षण आहे. काचेखाली, वारा-धक्का काहीही लागू न देता वाढवलेली लाजाळूसारखी रोपे दिसायला टवटवीत असत, पण त्यांचा प्रतिसाद मात्र सुस्त असे. त्यांना थोडे धक्के देत गेले की संदेश वाहून नेण्याची त्यांची क्षमता जागी होई. शेडनेटमधली रोपे थेट शेतात न लावता आधी पाणी कमी करून, ऊन दाखवून कणखर करायची, हे आपण रोपवाटिकेत करतोच. बोस यांनी हे रोपवाटिकेसाठी शोधले नव्हते, आणि कणखर होण्यामागची कारणे आज आपल्याला जास्त माहीत आहेत. पानांवर मेणाचा थर जाड होतो, पाने लहान व जाड येतात, मुळांचे प्रमाण वाढते. पण थोडा ताण आणि घातक ताण यांत फरक करावा लागतो, हे त्यांच्या आलेखांत स्पष्ट दिसते.

फरीदपूरचा खजूर

मोठ्या झाडाबद्दलचा त्यांचा सगळ्यात गाजलेला अभ्यास त्यांच्या बालपणीच्या फरीदपुरातलाच आहे. तिथे देवळाजवळ एक शिंदी-खजुराचे झाड होते. वादळात ते कलंडून आडवे-तिरपे झाले होते. संध्याकाळी देवळातल्या घंटा वाजू लागल्या की हे झाड मान झुकवून पाने जमिनीला टेकवी आणि सकाळी पुन्हा मान वर करी. लोक त्याला नवस बोलत, आजार बरे होतात असे मानत.

बोस यांना त्या झाडाला नोंदयंत्र बांधायचे होते. मालक तयार होईना. परदेशी यंत्राने झाड विटाळेल ही भीती. यंत्र इथेच बनले आहे आणि ते बांधणारा मदतनीस पुजाऱ्याच्या घरातला आहे, हे सांगितल्यावर परवानगी मिळाली. आपल्यातल्या कृषी सहायकांना ही अडचण नवी वाटणार नाही. शेतकऱ्याच्या बांधावर उपकरण लावायचे तर आधी त्याचा विश्वास लावावा लागतो.

यंत्राने दिवसरात्र रेघ ओढली. शेजारी तापमानाचीही नोंद चालू होती. तेव्हा दिसले की झाड फक्त सकाळ-संध्याकाळ हलत नव्हते, ते दिवसभर आणि रात्रभर हलत होते. हवा तापत गेली की ते हळूहळू खाली येई, गार होत गेली की वर उठे. तापमानाची रेघ आणि झाडाची रेघ एकमेकींच्या मागेपुढे चालत होत्या. झाड तापमानाच्या थोडे मागे राही, कारण एवढे जाड खोड तापायला आणि निवायला वेळ लागतो. संध्याकाळची घंटा आणि झुकलेली मान यांची वेळ जुळत होती, इतकेच.

ही हालचाल मेलेल्या लाकडाच्या प्रसरण-आकुंचनासारखी तर नसेल? या शंकेचे उत्तर परिस्थितीनेच दिले. काही काळाने ते झाड मेले आणि मेल्यावर त्याची हालचाल थांबली. म्हणजे हे काम जिवंत पेशींचे होते. बोस यांनी नंतर दुसऱ्या कलत्या खजुरावर आणि इतर झाडांच्या फांद्या-पानांवरही असेच मोजमाप केले. वर उठण्याची झाडाची मूळची ओढ आणि वाढत्या उष्णतेचा उलटा परिणाम, या दोन्हींच्या रस्सीखेचीतून ही चाल घडते, असे त्यांनी मांडले.

लोकांच्या श्रद्धेची त्यांनी टिंगल केली नाही. झाड खरोखर हलते हे लोकांचे निरीक्षण बरोबरच होते. कारण तेवढे वेगळे निघाले.

आपली ताठ उभी झाडेही रोज हलतात, फक्त मान झुकवत नाहीत. दुपारी पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे मुळे पुरवू शकत नाहीत, तेव्हा खोड आपल्या साठ्यातले पाणी वापरते आणि केसाच्या जाडीइतके बारीक होते. रात्री पाणी भरून निघाले की पुन्हा फुगते. डेंड्रोमीटर नावाचे उपकरण हे मोजते आणि फळबागांत पाणी कधी द्यायचे हे ठरवण्यासाठी ते वापरले जाते. खोड रात्री पूर्ण फुगेनासे झाले की ताण सुरू झाला. तेव्हा पाने अजून हिरवीगार असतात.

जे टिकले आणि जे टिकले नाही

1915 मध्ये बोस कॉलेजातून निवृत्त झाले. 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था उघडली. त्याच वर्षी सर ही पदवी मिळाली. इंग्लंडमधला संशय मात्र संपला नव्हता. क्रेस्कोग्राफवर शंका घेतली गेली तेव्हा 1920 च्या एप्रिलमध्ये लंडनला जाणकारांसमोर यंत्र चालवून दाखवावे लागले. यंत्र खरे बोलते हे त्यांनी मान्य केले, आणि ज्या रॉयल सोसायटीने 1901 मध्ये निबंध बाजूला ठेवला होता तिने त्यांना त्याच वर्षी सदस्य करून घेतले.

यंत्र खरे असले तरी त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष खरा असतोच असे नाही. उंच झाडात पाणी वर कसे चढते यावर बोस यांनी 1923 मध्ये पुस्तक लिहिले. खोडाच्या आतल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडून पाणी वर ढकलतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते टिकले नाही. स्ट्रासबर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने आधीच दाखवले होते की विषारी द्राव शोषून खोडातल्या पेशी मेल्या तरी पाणी चढत राहते. डिक्सन आणि जोली यांनी 1890 च्या दशकात मांडलेले स्पष्टीकरण आज मान्य आहे. पानांतून पाणी उडते, त्यामुळे खोडातल्या मेलेल्या नळ्यांमधला पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो.

दुष्काळात झाड मरते कसे, हे या धाग्यावरूनच कळते. जमीन कोरडी पडत जाते तशी ओढ वाढते आणि एका मर्यादेनंतर नळीत हवेचा बुडबुडा शिरून धागा तुटतो. अशा पुष्कळ नळ्या निकामी झाल्या की फांदी शेंड्याकडून वाळू लागते. 2012-13 च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद भागात मोसंबीच्या कितीतरी बागा गेल्या. अशा वेळी चांगला पाऊस पडला तरी काही झाडे पुन्हा उभी राहत नाहीत, कारण जमिनीत पाणी आले तरी ते वर नेणाऱ्या नळ्या उरलेल्या नसतात. म्हणून बहाराचा ताण देताना शेंडे वाळण्याची वाट पाहू नये. सकाळी लवकर बागेत जावे. दुपारी मलूल झालेले पान सकाळपर्यंत तरतरीत होत असेल तर झाड अजून सावरते आहे. सकाळीही पान मलूलच असेल तर ताण पुरेसा झाला, हलके पाणी सुरू करायला हवे.

दुसऱ्या बाबतीत मात्र काळ बोस यांच्या बाजूने वळला. झाडात विजेचे संदेश धावतात हे आता वादाचे राहिलेले नाही. 2018 मध्ये जपानी व अमेरिकी संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहान वनस्पतीत हे डोळ्यांना दिसेल असे टिपले. एक पान खुडले की ग्लुटामेट मोकळे होते, कॅल्शियमची लाट उठते आणि काही मिनिटांत दूरच्या पानांतही बचावाची तयारी सुरू होते. पाण्याच्या ताणात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पान मलूल होण्याआधीच पर्णरंध्रे मिटू लागतात. पर्णरंध्रे मिटली की पाणी वाचते, पण कर्बवायू आत येत नाही, म्हणून अन्न बनणेही मंदावते. पानावर काही दिसण्याआधी झाडाने वाढीची किंमत मोजायला सुरुवात केलेली असते.

यावरून झाडाला आपल्यासारख्या वेदना होतात, झाड गाणी ऐकते, असे पुष्कळ काही बोस यांच्या नावावर खपवले जाते. बोस यांच्या भाषेतही कवीपण होते. रवींद्रनाथ ठाकूर त्यांचे जिवलग मित्र होते आणि झाडाच्या ‘मज्जासंस्थे’बद्दल ते फार सैलपणे बोलत, असे माझे मत आहे. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. बागेत गाणी लावणारे यंत्र कोणी विकायला आले तर ते पैसे ठिबकची नळी बदलायला वापरावेत.

वर्षावर्षांचा ताण झाड आपल्या लाकडात लिहून ठेवते, त्याला मात्र कोणतेच यंत्र बांधावे लागत नाही. पाऊस चांगला झाला त्या वर्षीचे वलय रुंद, अवर्षणाचे अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासकांनी ठाणे भागातल्या सागाच्या वलयांवर असे काम केले आहे. बोस मिनिटांचा हिशेब ठेवत होते, साग वर्षांचा ठेवतो.

शेवटच्या वर्षांत बोस यांची तब्येत ढासळली, तरी संस्थेचे काम त्यांनी सोडले नाही. 23 नोव्हेंबर 1937 रोजी, ऐंशीव्या वर्षात पदार्पणाला आठवडा उरला असताना, गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. कलकत्त्याच्या त्यांच्या संस्थेत आजही संशोधन चालते, आणि काजळीच्या काचेवर रेघा ओढणारी त्यांची यंत्रे तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतात.